वरकस, वाडी आणि वन्यजीव : कर्जत-खालापूरच्या संकटग्रस्त प्राण्यांविषयी

रायगड जिल्ह्याचे नाव निघाले की सामान्यतः खाड्या, खाजणे आणि नारळी-पोफळीच्या बागा आठवतात. परंतु याच जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके समुद्राला कोठेही न भिडता सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले असून त्यांची प्रकृती किनाऱ्यापेक्षा घाटाच्या अधिक जवळची आहे. पूर्वेला भीमाशंकर, ढाक, राजमाची आणि खंडाळा यांचे कडे, पश्चिमेला माथेरान आणि इर्शाळगड यांचे डोंगर, आणि या दोन भिंतींच्या मध्ये उत्तरेकडे वाहणारी उल्हास व पश्चिमेकडे वळणारी पाताळगंगा यांची खोरी, अशी ही रचना आहे. घाटमाथ्यावरील धरणांचे पाणी खोपोली (१९१५) आणि भिवपुरी (१९२२) येथील जलविद्युत केंद्रांतून खाली सोडले जाऊ लागल्यापासून पाताळगंगा आणि पेज या नद्यांना उन्हाळ्यातही पाणी राहते, आणि होळीनंतर ओढे-नाले कोरडे पडणाऱ्या कोकणात ही गोष्ट माणसांइतकीच वन्य प्राण्यांच्याही जगण्याला आधार देणारी ठरली आहे.

या भूभागातील वन्य प्राण्यांचा विचार करताना पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी लागते ती ही की, येथे रानाची आणि गावाची सरहद्द एका रेषेने दाखवता येत नाही. शेकरूच्या रक्षणासाठी १९८५ मध्ये घोषित झालेले सुमारे १३१ चौरस किलोमीटरचे भीमाशंकर अभयारण्य पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत पसरले असून त्याची पश्चिमेकडील किनार कर्जत तालुक्याला लागते. माथेरान व त्याचा परिसर २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र, म्हणजे जेथे बांधकाम, खाणकाम व उद्योग यांवर विशेष निर्बंध लागू होतात असे क्षेत्र, म्हणून जाहीर झाला. हे दोन पट्टे वगळले तर उरलेली भूमी राखीव वन, खासगी रान, भाताची खाचरे, ठाकर व कातकरी वाड्या, फार्महाऊसचे भूखंड, कारखाने आणि वरकस यांची मिळून बनलेली आहे. वरकस म्हणजे डोंगरउतारावरची हलकी जमीन, जी कधी नाचणी-वरीसाठी आलटून-पालटून कसली जाते आणि एरवी गवत व पालापाचोळा मिळवण्यासाठी राखली जाते. सातबाऱ्यावर अशा जमिनीला माणसाचे नाव असते, प्रत्यक्षात मात्र भेकर, ससा, घोरपड, खवले मांजर आणि त्यांच्या मागावर येणारा बिबट्या हे सर्व तिचे वहिवाटदार असतात. म्हणूनच येथील प्राण्यांचे भवितव्य वनखात्याच्या चौकीइतकेच गोठ्यात, खळ्यावर, गुरांच्या औषधांच्या दुकानात आणि फार्महाऊसच्या कुंपणाशी ठरते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

'संकटग्रस्त' हा शब्द व्यवहारात सैलपणे वापरला जात असला तरी त्याला निश्चित शास्त्रीय अर्थ आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ ही १९४८ मध्ये स्थापन झालेली संस्था जगभरातील जातींची 'लाल यादी' राखते आणि तीत प्रत्येक जातीला धोक्याच्या प्रमाणानुसार वर्ग देते. त्यांपैकी 'अतिसंकटग्रस्त', 'संकटग्रस्त' आणि 'असुरक्षित' हे तीन वर्ग प्रत्यक्ष धोक्याचे मानले जातात आणि त्याखाली 'संकटसमीप' व 'चिंतामुक्त' हे वर्ग येतात. दहा वर्षे किंवा तीन पिढ्या यांपैकी जो काळ मोठा असेल त्या काळात, आणि घटीचे कारण अद्याप दूर झालेले नसताना, एखाद्या जातीची संख्या ३० टक्के घटली तर ती असुरक्षित, ५० टक्के घटली तर संकटग्रस्त आणि ८० टक्के घटली तर अतिसंकटग्रस्त ठरू शकते. या मोजपट्टीवर पांढऱ्या पाठीचे आणि लांब चोचीचे अशी दोन्ही गिधाडे अतिसंकटग्रस्त, खवले मांजर संकटग्रस्त, बिबट्या व सांबर असुरक्षित, तर महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू चिंतामुक्त आहे. या शेवटच्या नोंदीवरून शेकरूला काही धोका नाही असे समजणे मात्र चूक ठरेल, कारण लाल यादी जातीच्या एकूण प्रसाराचा हिशेब मांडते आणि एखाद्या विशिष्ट डोंगरावरून ती जात कायमची उठून गेली तरी त्या हिशेबात फारसा फरक पडत नाही.

लाल यादी हे निदान आहे. त्याला कायद्याचे बळ नाही. भारतात ते बळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ या कायद्याने दिले असून २०२२ मध्ये त्यात झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली आहे. पहिल्या अनुसूचीतील, म्हणजे सर्वाधिक संरक्षण दिलेल्या प्राण्यांच्या यादीतील, प्राण्याची शिकार केल्यास किमान तीन आणि कमाल सात वर्षांचा कारावास व किमान २५,००० रुपये दंड अशी शिक्षा आहे. हा कायदा आवश्यक आहे याबद्दल दुमत नाही; तथापि तो मुद्दाम केलेल्या कृत्याला शिक्षा करू शकतो, आणि प्राणी नाहीसे होण्याची येथील बहुतेक कारणे पाहिली तर त्यांत वैरभावापेक्षा सवयीचा वाटा मोठा आढळतो. या विधानाचा सर्वांत ठळक पुरावा गिधाडांच्या इतिहासात सापडतो.

विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत भारतात गिधाड हा इतका सर्वसामान्य पक्षी होता की त्याची गणना करण्याची गरज कोणाला वाटली नव्हती. गावाबाहेर मेलेली गुरे टाकण्याच्या जागेवर काही तासांत हाडांखेरीज काही उरत नसे आणि ही सफाई खर्चाशिवाय होत असे. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक, तर लांब चोचीच्या गिधाडांची सुमारे ९७ टक्क्यांनी घटली. या घटीचा पहिला पद्धतशीर माग डॉ. विभू प्रकाश यांनी भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात घेतला, आणि पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून २००४ मध्ये कारण सिद्ध झाले. गुरांच्या सांधेदुखीवर, सुजेवर आणि तापावर दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे स्वस्त वेदनाशामक औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात गेले की त्याची मूत्रपिंडे निकामी होतात, युरिक आम्ल शरीरात साठते आणि काही दिवसांत पक्षी मरतो. येथे कोणीही गिधाडाला मारायला निघालेले नव्हते. आजारी बैलाला आराम पडावा म्हणून शेतकऱ्याने दिलेली सुई एवढीच ती कृती होती. त्यातही विशेष असे की, एवढा मोठा संहार घडण्यासाठी सर्व मृत जनावरांत हे औषध असण्याची गरज नव्हती. शंभरांत एकाहूनही कमी जनावरांत ते घातक प्रमाणात असले तरी तेवढे पुरे होते, असे गणिती अभ्यासांनी दाखवून दिले, कारण एका जनावरावर गिधाडांचा मोठा थवा एकाच वेळी जेवतो.

परिणाम पक्ष्यांपुरता राहिला नाही. गिधाडांची जागा भटक्या कुत्र्यांनी आणि उंदरांनी घेतली, सडलेल्या मांसाने पाणवठे दूषित झाले, आणि २००० ते २००५ या काळात गिधाडे नाहीशी झाल्यामुळे भारतात सुमारे पाच लाख माणसांचे अधिकचे मृत्यू ओढवले असावेत, असा अंदाज २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाने मांडला. मुंबईत मलबार हिलवरील पारशी दोखम्यांची, म्हणजे मृतदेह गिधाडांच्या स्वाधीन करण्याच्या जागांची, शतकांची परंपराही त्यामुळे अडचणीत आली. भारत सरकारने २००६ मध्ये डायक्लोफेनॅकच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणली. माणसांसाठी असलेल्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जात असल्याचे दिसल्यावर २०१५ मध्ये कुपीचा आकार तीन मिलिलिटरपर्यंत मर्यादित झाला, आणि २०२३ मध्ये ॲसिक्लोफेनॅक व किटोप्रोफेन ही तशीच घातक औषधेही गुरांसाठी बंद झाली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित असे पर्यायी औषध उपलब्ध आहे. रायगडच्या दक्षिण भागात, म्हसळा तालुक्यातील चिरगावच्या परिसरात, महाडच्या सीस्केप या संस्थेने गावकऱ्यांच्या साहाय्याने पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची वसाहत जपली असून उंच झाडे राखणे, घरटी असलेल्या झाडांकडे न फिरकणे आणि औषधांचा दोष नसलेले मृत जनावर ठरावीक जागी पोहोचवणे हे त्या कामाचे स्वरूप आहे. कर्जत-खालापूरमधील पशुपालकाच्या हाती असलेली गोष्ट यापेक्षाही साधी आहे: जनावराला औषध देण्यापूर्वी पशुवैद्याला त्याचे नाव विचारणे, दुकानदाराने पुढे केलेली माणसांची कुपी नाकारणे, आणि कोल्ह्या-कुत्र्यांसाठी मेलेल्या जनावरात विष न घालणे, कारण ते विषही अखेरीस गिधाडाच्याच पोटात जाते.

गिधाडाला औषधाने गाठले, तर खवले मांजराला अंधश्रद्धेने आणि बाजाराने. अंगावर खवले असलेला हा जगातील एकमेव सस्तन प्राणी असून मुंग्या आणि वाळवी हे त्याचे अन्न आहे. त्याला दात नाहीत, मादी बहुधा एका वेळी एकच पिल्लू देते आणि संकट आले की तो अंगाची गुंडाळी करून बसतो. बिबट्यापासून वाचण्यासाठी उपयोगी पडणारी ही युक्ती माणसापुढे निरुपयोगी ठरते, कारण गुंडाळी केलेला प्राणी गोणीत भरणे अगदी सोपे असते. त्याचे खवले केराटिन या द्रव्याचे, म्हणजे माणसाची नखे ज्या द्रव्याची बनतात त्याचेच असतात आणि त्यांत औषधी गुण नाहीत; चीननेही २०२० मध्ये आपल्या अधिकृत औषधसूचीतून ते वगळले. खवले मांजराच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून पूर्ण बंदी आहे, तरीही गुप्तधन, पैशाचा पाऊस आणि मर्दानी ताकद यांची आमिषे दाखवणारे दलाल वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचतात. मांडूळ, घोरपड आणि दिवाळीच्या अमावास्येला घुबड यांचीही हीच गत होते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने रत्नागिरी जिल्ह्यात या प्रश्नाला दिलेले उत्तर अभ्यासण्याजोगे आहे. २००२ पासून वेळासच्या किनाऱ्यावर सागरी कासवांची अंडी गावकऱ्यांकरवी राखण्याचा अनुभव गाठीशी असलेल्या या संस्थेने खवले मांजरासाठीही गावालाच पुढे केले, आणि डुगवे गावात 'खवलोत्सव' साजरा होऊन या प्राण्याच्या प्रतिकृतीला पालखीचा मान मिळाला. ज्याला देवाच्या जवळ बसवले त्याला गोणीत भरणे गावात अप्रतिष्ठेचे ठरते, आणि ही अप्रतिष्ठा कधी कधी कायद्याच्या भयाहून अधिक परिणाम करते.

शेकरूचा प्रश्न वेगळा आहे. ही मोठी, तांबूस-तपकिरी खार क्वचितच जमिनीवर उतरते. तिला एका झाडावरून दुसऱ्यावर उडी घेता येईल असे सलग छत्र लागते, म्हणजे उंच झाडांच्या शेंड्यांनी एकमेकांना भिडून बनवलेले अखंड आच्छादन. रस्त्याच्या रुंदीकरणासाठी, विजेच्या तारांसाठी किंवा भूखंडाच्या 'व्ह्यू'साठी मधली चार झाडे गेली तर नकाशावर जंगल तेवढेच दिसते, पण शेकरूच्या दृष्टीने त्याचे दोन तुकडे झालेले असतात. खांडसवरून भीमाशंकरला चढणाऱ्या वाटांवर जे उंच वृक्ष टिकले आहेत त्यांत आंबा, जांभूळ, हिरडा आणि बेहडा हे येतात, आणि घाटमाथ्यावर पुण्याच्या एईआरएफ या संस्थेने महादेव कोळी कुटुंबांबरोबर हिरडा-बेहड्याच्या शाश्वत संकलनाचे, म्हणजे झाड न तोडता व फळांचा काही वाटा झाडावर राखून केलेल्या वेचणी-विक्रीचे, काम उभे केले आहे. जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेश पक्षी घरटे करतो. फळाला प्रमाणित माल म्हणून चांगला भाव मिळाला की तो वृक्ष सरपणापेक्षा उभा असताना अधिक मोलाचा होतो, हे या प्रयोगाचे तत्त्व आहे. देवराया, म्हणजे देवाच्या नावाने राखलेली, कुऱ्हाडबंदीची राने, हेच काम कित्येक पिढ्या श्रद्धेच्या बळावर करीत आल्या. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात त्यांची शास्त्रीय पाहणी केल्यावर त्यांचे जैविक मोल अभ्यासकांना उमगले. देवळाचा जीर्णोद्धार करताना राई तोडून सभामंडप वाढवणे हा या वारशाला आज असलेला मोठा धोका आहे आणि तो टाळणे सर्वस्वी गावाच्या हाती आहे.

बिबट्याच्या बाबतीत संरक्षणाचा प्रश्न भीतीच्या प्रश्नाशी जोडलेला आहे. २०२२ च्या गणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १,९८५ बिबटे असून त्यांतील अनेक अभयारण्यांच्या बाहेर राहतात. बिबट्या दिसला की 'पिंजरा लावा' ही मागणी स्वाभाविकपणे पुढे येते. परंतु जुन्नर परिसरात २००१ नंतरच्या काळात पकडलेले बिबटे दूर नेऊन सोडल्यावर माणसांवरील हल्ले कमी होण्याऐवजी वाढले, असे डॉ. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातून दिसून आले. परक्या मुलखात सोडलेला प्राणी बिथरतो, परतीची वाट शोधताना वस्त्यांतून फिरतो, आणि त्याने रिकामी केलेली जागा दुसरा बिबट्या घेतो. याउलट अकोले तालुक्यातील दाट वस्तीच्या शेतीप्रदेशात बिबटे माणसांना इजा न करता वर्षानुवर्षे राहत असल्याचे त्याच अभ्यासकांनी नोंदवले. सह्याद्रीतील महादेव कोळी आणि ठाकर समाजांत आश्विन वद्य द्वादशीला वाघबारस, म्हणजे वाघाच्या पूजेचा सण, पाळली जाते, तिच्यामागे शेजाऱ्याचे भान ठेवण्याची हीच समज आहे. शेळ्यांचा गोठा वरूनही बंदिस्त करणे, वस्तीजवळ कोंबड्या-मांसाचा कचरा न टाकणे, जेणेकरून कुत्रे व त्यांच्या मागे बिबट्या येणार नाही, दिवेलागणीनंतर लहान मुलांना एकटे बाहेर न सोडणे, दिसलेल्या बिबट्याभोवती मोबाइल उंचावून गर्दी न करणे आणि जनावर मारले गेल्यास ते न हलवता वनखात्याला त्वरित कळवून पंचनाम्यानंतर नुकसानभरपाई घेणे, ही पंचसूत्री कोणत्याही पिंजऱ्याहून अधिक उपयुक्त आहे.

पाण्यातील जीवांकडे वन्यजीव म्हणून पाहण्याची सवय अद्याप रुजलेली नाही. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की नद्या-ओढ्यांतील मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या उलट दिशेने, थेट भाताच्या खाचरांपर्यंत चढू लागतात; या चढणीला रायगड-ठाण्यात 'वलगण' म्हणतात आणि वलगणीचे मासे हा येथील खाद्यजीवनातील आनंदाचा भाग आहे. तथापि पोटात अंडी असलेला मासा बांधाच्या तोंडाशी अडवून एकूण एक धरला गेला तर पुढल्या वर्षीच्या वलगणीचे बीजच नष्ट होते, आणि विजेचा प्रवाह, स्फोटके किंवा विषारी पूड वापरून डोह 'उपसला' तर माशाबरोबर खेकडे, बेडूक, पाणसाप आणि कवचाच्या झडपेखाली पाय झाकून घेणारे, असुरक्षित वर्गातील गोड्या पाण्याचे कासवही मरते. स्फोटके व विष यांनी मासे मारण्यास १८९७ च्या मत्स्यपालन कायद्यापासूनच मनाई आहे. पहिले काही दिवस मासेमारी न करण्याचा ठराव ग्रामसभेने केला, काही डोह राखीव ठेवले आणि बारीक आसाची जाळी टाळली तर हा आनंद टिकू शकेल. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा पॉवर कंपनी १९७०च्या दशकापासून महसीर माशाची पैदास करीत आहे. परंतु हौदात वाढवलेले बीज ज्या नदीत सोडायचे ती नदी जगती नसेल तर त्या श्रमांना अर्थ उरत नाही, आणि पाताळगंगेच्या काठावर खोपोलीपासून रसायनीपर्यंत वाढलेल्या उद्योगवस्तीमुळे तिच्या पाण्यावर सतत लक्ष ठेवणे हे काठावरच्या प्रत्येक गावाचे काम झाले आहे.

वणवा आणि राब यांचा संबंधही असाच सवयीचा आहे. राब म्हणजे भाताच्या रोपवाटिकेची जागा फांद्या, पालापाचोळा, गवत आणि शेण यांचे थर देऊन भाजणे; त्याने तणाचे बी जळते आणि रोपांना खत मिळते, म्हणून ही रीत पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. तिच्यापायी दरवर्षी झाडांच्या फांद्या छाटल्या जातात आणि फाल्गुन ते वैशाखाच्या वाऱ्यात एखादी ठिणगी वरकसातील वाळल्या गवतात पडली की डोंगरच्या डोंगर जळतो. नवे गवत जोमाने येते या समजुतीने किंवा ससे-डुकरे बाहेर काढण्यासाठी मुद्दाम लावलेली आग त्यात भर घालते. रानकोंबडी, लावा यांसारख्या जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचा आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचा यात सर्वाधिक नाश होतो. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या 'सगुणा राईस तंत्रा'त नांगरणी, चिखलणी आणि लावणी न करता कायमच्या गादीवाफ्यांवर भाताची टोकण केली जाते, त्यामुळे रोपवाटिका लागत नाही आणि राबही लागत नाही. मजुरी आणि मशागत वाचवणाऱ्या या पद्धतीने रानाचाही फायदा साधतो, ही गोष्ट संवर्धनाच्या दृष्टीने बोधप्रद आहे, कारण ज्या बदलात शेतकऱ्याचे हित आहे तो टिकतो. जेथे राब भाजणे अपरिहार्य आहे तेथे भोवती जाळरेषा, म्हणजे गवत काढून मोकळा केलेला पट्टा, राखणे, वारा पडल्यावर पहाटे भाजणे आणि आग विझेपर्यंत जागेवर थांबणे एवढी दक्षता पुरेशी आहे.

या सर्व विवेचनात आदिवासी समाजाकडे बोट दाखवण्याची चूक टाळली पाहिजे. फासे आणि गलोल घेऊन फिरणारा कातकरी हा शहरी लेखनात सहज सापडणारा आरोपी आहे. परंतु खैराच्या लाकडापासून कात काढण्याच्या व्यवसायावरून ज्याचे नाव पडले त्या या समाजाचे रान आधी कायद्याने आणि नंतर जमिनीच्या व्यवहाराने काढून घेतले गेले, आणि केंद्र सरकारने विशेष असुरक्षित आदिवासी समूहांत गणलेल्या या लोकांपैकी अनेक कुटुंबे आजही वर्षातील बरेच महिने वीटभट्ट्यांवर काढतात. २५ सप्टेंबर १९३० रोजी याच जिल्ह्यात चिरनेर येथे झालेला जंगल सत्याग्रह रानावरील हक्काच्या याच वेदनेतून उभा राहिला होता. वनहक्क कायदा, २००६ ने ग्रामसभेला सामूहिक वनसंपत्तीचा हक्क देतानाच तिच्यावर वन्यजीवांच्या रक्षणाची जबाबदारीही सोपवली आहे. ज्या वाडीच्या हाती रानाचा कागद आहे ती वाडी दलालाला हाकलू शकते आणि वणव्यावर धावून जाते. कोणत्या झाडावर कोणाचे घरटे आहे आणि कोणत्या बिळात कोण आहे हे ठाकर-कातकऱ्यांना जितके ठाऊक असते तितके अन्य कोणाला नसते, म्हणून संवर्धनाच्या कामात त्यांना मजूर म्हणून न घेता जाणकार म्हणून मानधनासह स्थान मिळाले पाहिजे.

मुंबई-पुण्याहून येणाऱ्या माणसाची जबाबदारी याहून कमी नाही. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गाने आणि उपनगरी रेल्वेने या तालुक्यांना महानगराच्या अंगणात आणून ठेवले, आणि वरकसाचे रूपांतर फार्महाऊसच्या भूखंडांत होत गेले. अखंड भिंतीऐवजी खालून लहान प्राणी जाऊ शकतील असे कुंपण किंवा जिवंत वई घालणे, रात्रभर जळणारे प्रखर दिवे बंद ठेवणे, विहिरीला कठडा बांधणे, प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्यात पडलेल्या प्राण्याला चढून येण्यासाठी उतरंड किंवा दोरजाळे सोडणे, उंदरांसाठी विष न वापरणे, कारण तो उंदीर घुबड खाते, आणि पाळीव कुत्रे रानात मोकळे न सोडणे, या गोष्टी खर्चाच्या नाहीत. ज्येष्ठाच्या सुरुवातीला राजमाचीच्या वाटेवर काजवे पाहायला जाणाऱ्यांनी विजेऱ्या आणि फ्लॅश आवरले पाहिजेत, कारण काजव्याचा प्रकाश ही त्याची जोडीदाराला दिलेली हाक असते आणि परक्या उजेडात ती हाक हरवते. माथेरानमधील माकडांना खाऊ घालणे, पिंजऱ्यात पोपट किंवा काचेत कासव पाळणे, घाटरस्त्यावर पावसाळी रात्री बेडूक-सापांवरून गाडी भरधाव नेणे या सवयींचाही याच यादीत समावेश होतो. जखमी किंवा अडकलेला प्राणी आढळल्यास स्वतः हाताळण्यापेक्षा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवणे हितावह असते.

सामान्य माणसाचे आणखी एक मोठे साहाय्य नोंदीचे आहे. माथेरानच्या फुलपाखरांची १८९४ मध्ये प्रसिद्ध झालेली यादी ७८ जातींची होती. सव्वाशे वर्षांनंतर, २०२० मध्ये, चिकाटीने केलेल्या पाहणीतून तेथे १४० जाती नोंदल्या गेल्या. मधल्या काळात काय आले आणि काय गेले हे मात्र सांगता येत नाही, कारण त्या काळाची नोंदच नाही. याच जिल्ह्यातील किहीम येथे १९३० मध्ये सलीम अली यांनी सुगरणीच्या घरट्यांवर केलेले निरीक्षण गावातील एका विहिरीपाशी बसून केले होते, ही गोष्ट शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी विसरू नये. जैविक विविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असणे अपेक्षित आहे. ती कागदी पूर्ततेपुरती न राहता तिच्यात कोणत्या साली शेवटचे काय दिसले, वलगण कधी चढली, वणवा कोठून लागला हे लिहिले गेले तर डोंगर पोखरणाऱ्या किंवा नदी वळवणाऱ्या प्रकल्पाच्या जनसुनावणीत गावाला पुराव्यासह बोलता येईल. वैयक्तिक सवयी सुधारल्याने मोठ्या प्रकल्पांचे उत्तरदायित्व संपत नाही. ते मागण्याचे बळ मात्र अशा नोंदींतून येते. दुर्मीळ प्राण्याचे घरटे वा बीळ नेमके कोठे आहे हे समाजमाध्यमांवर जाहीर न करणे हा या नोंदीचाच एक शिष्टाचार आहे.

शंभर मृत जनावरांपैकी एकाहूनही कमी जनावरांतील औषधाने एक सर्वसामान्य पक्षी आकाशातून पुसला गेला, या हिशेबाची दुसरी बाजू अशी आहे की, थोड्या गोठ्यांतील हलगर्जी जिथे एवढी महाग पडते तिथे जवळजवळ प्रत्येक गोठ्याला सावध राहावे लागते, आणि ही सावधगिरी कोणत्याही खात्याला बाहेरून लादता येत नाही. फळाची घाई करूनही भागणार नाही. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते, पिल्लू वयात यायला सुमारे पाच वर्षे लागतात, आणि तुटलेले झाडांचे छत्र पुन्हा जुळायला त्याहून कितीतरी अधिक. कोकणात रायवळ आंब्याची कोय पुरणारा म्हातारा त्याच्या फळाचा हिशेब आपल्या आयुष्याशी करीत नाही. कर्जत-खालापूरच्या वरकसावर प्राण्यांसाठी जे करावयाचे आहे त्याचा हिशेबही त्याच रीतीने मांडावा लागेल.